हाताखाली

पिंपळगाव बसवंतला टोलनाक्याच्या अलीकडे उतरलात आणि रिक्षावाल्याला नुसतं 'धोंडीराम' म्हणालात, तर तो अजूनही तुम्हाला बरोबर एका दुमजली इमारतीपाशी नेऊन सोडतो. डॉक्टर शेखर गांगुर्डे यांनी तिथं पंचवीस वर्षं स्वतःचं हॉस्पिटल चालवलं. हायवेवरचे अपघात, फुटलेली अपेंडिक्स, द्राक्षबागेत मांडवावरून पडलेली माणसं, सगळं तिथं यायचं. हॉस्पिटलला नाव वडिलांचं होतं. धोंडीराम गांगुर्डे कांद्याच्या खळ्यावर हमाल होते. व्यापाऱ्यानं हाक मारली की पळायचं, मुकादमानं मारली की पळायचं, आणि घरी येऊन भाकरी खाता खाता मुलाला एकच सांगायचं, "शिक आन् मोकळा हो, बाबा. कुनाच्या हाताखाली ऱ्हाऊ नको."

शेखर शिकले, सर्जन झाले, आणि खरंच कुणाच्या हाताखाली राहिले नाहीत. थिएटरमध्ये त्यांचा शब्द शेवटचा, वॉर्डात त्यांचा शब्द शेवटचा. भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढं असलं तरी त्यांना विचारल्याशिवाय कुणी ते मागं करत नसे.

मग एका सकाळी राउंड घेताना छातीत कळ आली. स्टेंट बसले. हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितलं की आता एकट्यानं हॉस्पिटल ओढणं बंद, कुठंतरी नोकरी करा आणि वेळेवर जेवा. मुलगा इंजिनीअर होऊन बंगळुरूला गेलेला, त्याला हॉस्पिटलचा गाडा ओढण्यात रस नव्हता. शेवटी नाशिकच्या सुमनांजली हॉस्पिटलशी बोलणं झालं. ट्रस्टचं मोठं हॉस्पिटल होतं. त्यांनी डॉक्टरांना सर्जरी विभागात घेतलं, आणि पिंपळगावच्या इमारतीचा तळमजला भाड्यानं घेऊन दर गुरुवारी तिथं ओपीडी सुरू केली. ती ओपीडी शेखर यांनीच चालवायची, असं ठरलं. या एका गुरुवारासाठी त्यांनी बाकी सगळं कबूल केलं.

बाकी सगळ्यात एक गोष्ट अवघड होती. विभागप्रमुख होती डॉक्टर स्नेहा आहेर. पंधरा वर्षांपूर्वी एम.एस. होऊन ती पहिली नोकरी करायला आली होती ती धोंडीराम हॉस्पिटलमध्ये. शेखर सर टाके घालायचे आणि ती दोरा कापायची.

पहिल्या दिवशी ती स्वतः दारापर्यंत आली. "सर, तुम्ही आलात, मला फार बरं वाटलं."

"हो, मॅडम," शेखर म्हणाले. 'मॅडम' हा शब्द त्यांनी असा काही उच्चारला की बाजूच्या रेसिडेंट डॉक्टरांनी एकमेकांकडे पाहिलं.

सुरुवातीचे महिने वाईट गेले. स्नेहा राउंडला एक औषध सांगायची आणि ती पुढच्या खाटेकडे वळली की शेखर नातेवाइकांना हळूच म्हणायचे, "मी असतो तर दुसरं दिलं असतं." पांढऱ्या केसांचा मान असतो. नातेवाईक मग स्नेहाचं ऐकेनासे होत आणि 'मोठ्या डॉक्टरां'ना शोधत फिरत. एकदा स्नेहानं त्यांना केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "सर, पेशंटसमोर आपण दोघं दोन गोष्टी बोललो तर पेशंट कुणाचं ऐकणार?" ती रागावली नव्हती, पण शेखर यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्या दिवसापासून त्यांनी तोंडाला कुलूप लावलं. काहीही विचारलं की उत्तर एकच. "तुम्ही सांगाल तसं, मॅडम."

गुरुवार आला की मात्र माणूस बदलायचा. सकाळी गाडी काढायची, आडगाव मागं टाकायचं, ओझर ओलांडलं की शर्टाची कॉलर नीट करायची. पिंपळगावात त्यांची जुनी खुर्ची होती, जुनं टेबल होतं, खिडकीतून द्राक्षाच्या क्रेट भरून जाणारे टेम्पो दिसत. बायडाबाईसारखी जुनी माणसं मधुमेहाचा चिघळलेला पाय घेऊन यायची आणि म्हणायची, "डाक्टर, तुमचा हात लागला का निम्मं बरं वाटतं." दुपारी ओपीडी संपली तरी शेखर लगेच उठत नसत. वरच्या मजल्यावर जात. थिएटरचे दिवे काढून नेले होते, छताला नुसते हुक राहिले होते. त्या हुकांखाली उभं राहायचं, थोडा वेळ, आणि मग खाली येऊन कुलूप लावायचं.

डिसेंबरात त्या गप्प राहण्याचा हिशेब झाला.

मंगळू नावाचा पेठ तालुक्यातला एक माणूस आतड्याच्या ऑपरेशनसाठी भरती होता. स्नेहानंच ऑपरेशन केलं होतं आणि ते छान झालं होतं. चौथ्या दिवशी राउंडला तो उठून बसलेला होता. ताप नाही, पोट मऊ. स्नेहा म्हणाली, उद्या जेवण सुरू करू. फक्त मंगळूला उचकी लागली होती. बायको हसून म्हणाली, "गावाकडून कोणीतरी याद काढतंय."

शेखर खाटेच्या पायथ्याशी उभे होते. त्यांनी ती उचकी ऐकली, मंगळूच्या मनगटाला सहज बोट लावलं. नाडी पळत होती. आतड्याच्या ऑपरेशननंतर अशी न थांबणारी उचकी आणि अशी नाडी त्यांनी आयुष्यात दोन-तीनदा पाहिली होती आणि प्रत्येक वेळी आत टाका सुटलेला निघाला होता. त्यांच्या जिभेवर शब्द आला. मग त्यांनी स्नेहाच्या पाठीकडं पाहिलं. ती पुढच्या खाटेपाशी पोचली होती. आपल्याला कुणी विचारलंय का? नाही ना? मग प्रमुख आहे, बघेल तिची ती. ते मुकाट्यानं तिच्या मागून चालत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगळूचं पोट लाकडासारखं झालं होतं.

"सर, तुम्ही असिस्ट कराल?" स्नेहानं विचारलं. तिचा चेहरा उतरला होता.

शेखर हात धुऊन टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभे राहिले. त्या बाजूला ते कित्येक वर्षांत उभे राहिले नव्हते. पोट उघडलं, टाका सुटलेलाच होता. शेखर यांनी जखमेची कड धरून ओढली ती त्यांना स्वतःला जिथं बघायचं होतं तिकडे, आणि स्नेहाला जिथं काम करायचं होतं तिथं अंधार झाला.

"सर, थोडं सैल. माझ्याकडं."

त्यांनी सैल केलं. पुन्हा चुकलं. सक्शनची नळी त्यांनी वेळेआधी घातली, दोरा वेळेनंतर कापला. पंचवीस वर्षं ज्यांना ते 'लक्ष कुठंय तुझं?' म्हणून ओरडत आले, त्या सगळ्यांची आठवण त्यांना तिथं झाली. समोर स्नेहाचे हात चालले होते. ही मुलगी आपल्यासमोर उभी राहायची तेव्हा आपल्याला कधी मागावं लागायचं नाही. आपण हात पुढं केला की हवं ते हातात असायचं. ते काय होतं, ते तेव्हा त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. सूर्य उगवतो तसं ते गृहीत धरलं होतं. आता त्यांनी स्वतःच्या हातांकडं बघणं सोडलं आणि तिच्या हातांकडं बघायला सुरुवात केली. तिला पुढं काय लागेल, एवढंच. हळूहळू जमू लागलं.

मंगळू वाचला. महिनाभर खाटेवर राहिला, पण वाचला.

ऑपरेशननंतर दोघं चेंजिंग रूमबाहेरच्या बाकावर चहा घेत बसले. स्नेहा म्हणाली, "मला काल दिसायला हवं होतं. उचकी होती त्याला."

शेखर यांनी कप खाली ठेवला. "मला दिसलं होतं."

"म्हणजे?"

"नाडीही बघितली होती मी. शंका आली होती."

ती बाकावरच त्यांच्याकडं वळली. मग म्हणाली, "मग बोलला का नाहीत, सर?"

"तुम्हीच म्हणालात ना, पेशंटसमोर दोन गोष्टी नकोत." बोलताना त्यांचं त्यांनाच ते पोरकट वाटलं.

"पेशंटसमोर नको म्हणाले होते. मला सांगू नका, असं कधी म्हणाले?" ती म्हणाली. "मला वाटतं, सर माझ्या मागं उभे आहेत. म्हणून मी थोडी निश्चिंत असते. आणि तुम्ही नुसते उभे असता. 'सांगाल तसं, मॅडम.' हे ऐकून मला काय होतं माहितीये? त्यापेक्षा तुम्ही भांडलेलं परवडलं. दार लावून घ्या आणि भांडा. मी चुकत असेन तर अडवा. पण माझ्या माणसानं चूक दिसत असून गप्प राहायचं, असं नको."

'माझ्या माणसानं.' शेखर यांना तो शब्द लागला, आणि कुठंतरी बराही वाटला.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "पुन्हा होणार नाही, स्नेहा." आणि मग, रेसिडेंट चहाचा कप घेऊन येताना दिसला तेव्हा, "मॅडम, मंगळूचा आजचा राउंड मी घेऊ?" या वेळच्या 'मॅडम'मध्ये काटा नव्हता.

त्यानंतर विभागात हवा बदलली. रोज राउंडआधी दोघं केबिनमध्ये बसायचे आणि आतून कधी कधी चांगलेच आवाज यायचे. दार उघडून बाहेर आले की मात्र जे ठरलं ते ठरलं. शेखर स्वतः नातेवाइकांना सांगायचे, "मॅडमनी सांगितलंय ते बरोबर आहे, तसंच करा." रेसिडेंट त्यांच्याकडे स्नेहाची तक्रार घेऊन आले, तर ते म्हणत, "चल, दोघं मिळून तिलाच सांगू." हे सोपं नव्हतं. काही दिवस असे यायचे की घरी जाताना वाटे, आपण आपलं काहीतरी रोज थोडं थोडं देऊन टाकतोय. अशा वेळी ते गुरुवार मोजत.

फेब्रुवारीत एका दुपारी स्नेहानं त्यांना बोलावलं आणि खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली.

"सर, ट्रस्टच्या मीटिंगआधी तुम्हाला सांगतेय. पिंपळगावची ओपीडी बंद करून नामपूरला सुरू करावी, असा मी विचार करतेय. पिंपळगावात आता पुष्कळ सर्जन झालेत. नामपूरच्या बाजूला एकही नाही. लोक दुखणं अंगावर काढतात आणि उशिरा येतात. आपल्याकडे बाहेर पाठवायला एकच डॉक्टर आहे."

तिच्या बोलण्यात खोट नव्हती, तेच शेखर यांना जास्त दुखलं.

"मला एक दिवस द्या," ते म्हणाले.

बातमी त्यांच्या आधी पिंपळगावात पोचली. संध्याकाळी अमोल त्यांच्या नाशिकच्या घरी हजर. धोंडीराम हॉस्पिटलला लागूनच त्याचं मेडिकल दुकान होतं, आणि पंचायतीपासून पतसंस्थेपर्यंत त्याच्या ओळखी होत्या.

"सर, तुम्ही फक्त मान हलवा," तो म्हणाला. "उद्या दोन टेम्पो माणसं ट्रस्टींच्या दारात उभी करतो. त्या मॅडमचं गाव नामपूरकडचंच आहे ना? आपल्या गावाची सोय बघतायत, दुसरं काय! तुम्हाला काही बोलायला लागणार नाही. तुम्ही गप्प राहा, आम्ही बघतो."

शेखर यांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. खरंच किती सोपं होतं. नुसतं गप्प राहायचं होतं.

आई, चांगुणा, आतल्या खोलीत पलंगावर बसून सगळं ऐकत होती. तिला आता दिसायचं कमी, ऐकू मात्र स्वच्छ यायचं.

"ती पोरगी म्हंजी आपली स्नेहाच ना? भरीत-भाकरी खायला यायची ती?"

"तीच. आता माझी साहेब आहे."

"मंग तिला सांग ना, का मला लय जड जातंय."

"बाबा म्हणायचे कुणाच्या हाताखाली राहू नको. आणि मी या वयात..."

म्हातारी हसली. "आरं, तुझ्या बापाला मुकादम बोलू देत नव्हता. बोललं का दुसऱ्या दिशी काम नाय. त्याचा जीव त्याच्यात जळायचा, वझं उचलन्यात नाय. तुला ती बोलू देती का नाय?"

"देते."

"मंग जा आन् बोल."

दुसऱ्या दिवशी शेखर यांनी केबिनचं दार लावून घेतलं.

"तीन गोष्टी बोलतो. पहिली, मला हे नकोय. पेशंटसाठी नव्हे, माझ्यासाठी. ती खुर्ची सुटली की माझं तिथं काहीच उरत नाही. याला कारण म्हणून धरू नका, पण ठाऊक असू द्या. दुसरी, लोक म्हणणार की तुम्ही आपल्या गावाकडं ओपीडी नेलीत. अमोल माणसं घेऊन यायला निघालाय. मी त्याला थांबवतो, पण ट्रस्टींना तुमचं गाव तिथं आहे हे तुम्हीच आधी सांगा. दुसऱ्याकडून कळायला नको."

स्नेहा ऐकत होती. "आणि तिसरी?"

"तुम्ही वेळ सकाळची ठेवलीय. नामपूरला कांद्याचं मार्केट आहे. लिलाव चालू असताना शेतकरी डॉक्टरकडं येत नाही आणि हमाल तर नाहीच. मी हमालाचा मुलगा आहे. माझा बाप हर्निया घेऊन वर्षं काढत होता, कारण दवाखाना त्याच्या कामाच्या वेळेलाच उघडा असायचा. दुपारनंतर ठेवा."

"हे माझ्या डोक्यातच आलं नाही," स्नेहा म्हणाली. "दुपारनंतर ठेवू."

"आणि पिंपळगाव पंधरा दिवसांतून एकदा? मी रजेच्या दिवशी जाईन."

तिनं मान खाली घातली. "नाही, सर. तुमचं हृदय बघता मी तुम्हाला रजेच्या दिवशी पाठवणार नाही. आणि अर्धवट ओपीडी म्हणजे लोक आपल्यावर विसंबून थांबून राहतील. मी नाहीच म्हणेन."

त्यांनी आणखी थोडं भांडून पाहिलं. ती हलली नाही. मग ते उठले आणि म्हणाले, "ठीक आहे. मग आपलं ठरलं."

स्नेहानं आपल्या गावाचं आधीच सांगून ट्रस्टची मंजुरी घेतली. शेवटच्या गुरुवारी पिंपळगावच्या ओपीडीबाहेर गर्दी उसळली होती. अमोल दारात हाताची घडी घालून उभा होता.

"सर, लोकांना सांगा कोणी ठरवलं ते," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "त्या मॅडमनीच ना?"

'हो' म्हटलं असतं तर गाव त्यांना डोक्यावर घेऊन नाचलं असतं. वरून हुकूम आला, मी तरी काय करू, एवढ्या वाक्यानं सगळं निभावलं असतं. शेखर पायरीवर उभे राहिले.

"आम्ही ठरवलं," ते म्हणाले. "मी आणि मॅडमनी मिळून. इथं आता सर्जन आहेत. नामपूरला नाहीत. आपल्याकडे कोणी नव्हतं तेव्हा आपले किती लोक नाशिकच्या वाटेवरच दगावले, आठवून बघा."

अमोलची घडी सुटली. "तुम्हीपण, सर?" एवढंच म्हणून तो दुकानात निघून गेला आणि दिवसभर बाहेर आला नाही. बायडाबाईनं मात्र पाय पुढं केला. "त्ये जाऊ द्या. माझ्या पायाकडं कोन बघंल?" शेखर यांनी तिला रिक्षात घातलं आणि बाजारपेठेतल्या डॉक्टर खैरनारांकडं स्वतः घेऊन गेले. ज्यांच्याशी पंचवीस वर्षं चढाओढ केली त्यांच्या टेबलासमोर बसून त्यांनी एकेका जुन्या पेशंटची माहिती दिली. ते निघाले तेव्हा खैरनारांनी त्यांचा हात बराच वेळ हातात धरून ठेवला.

नामपूरला पहिल्या दिवशी स्नेहाही बरोबर आली. दुपारी दोनला दार उघडलं तेव्हा ओसरीत बायकाच होत्या. लिलाव उरकला तशी टोपीवर कांद्याची सालं घेऊन माणसं येऊ लागली. एका म्हाताऱ्यानं शेखर यांना न्याहाळत अहिराणीत विचारलं, "तुम्ही नवा डाक्टर शेतस का?"

"हो, नवाच," शेखर म्हणाले आणि त्याचं पोट तपासायला वाकले. हर्निया होता, जुना, हाताच्या मुठीएवढा. "इतके दिवस कुठं होतात, बाबा?" या प्रश्नावर म्हातारा नुसता हसला.

परतताना शेखर पुढं ड्रायव्हरशेजारी होते, स्नेहा मागच्या सीटवर डोळे मिटून बसली होती. चांदवड गेलं, आणि गाडी पिंपळगावच्या पुलावर चढली. पुलावरून गाव खाली राहतं. शेखर यांनी काच खाली केली. शेडमधून द्राक्षांचा आंबूस गोड वास वर येत होता. पाण्याच्या टाकीच्या डावीकडं ती इमारत असायला हवी होती. त्यांनी मान लांब केली. एक गच्ची दिसली, दोरीवर कपडे वाळत होते, पण ती गच्ची त्यांचीच होती की शेजारची, हे कळायच्या आत पूल उतरला.

"सर, वळायचं का आत? चहा घेऊ," स्नेहा म्हणाली. तिनं डोळे उघडले होते.

आत वळलं तर काय होईल ते त्यांना ठाऊक होतं. वर जावंसं वाटेल. मग पुढच्या आठवड्यातही वाटेल.

"नको," ते म्हणाले. "ओझरला घेऊ. त्या म्हाताऱ्याचं ऑपरेशन कधी लावायचं, त्याचं बोलायचंय मला. तुम्ही सोमवार म्हणालात, मला तो लवकर वाटतो. त्याची छाती आधी तपासून घेऊ."

"बोला," स्नेहा म्हणाली आणि सरसावून बसली.

शेखर बोलू लागले. बोलता बोलता त्यांचा हात काचेच्या बटणावर गेला, पण काच त्यांनी वर केली नाही. द्राक्षांचा वास कोकणगावपर्यंत गाडीत येत राहिला.